जिंजी महाराष्ट्रात आणली तेव्हा

"नमस्कार. आपण काल केलेल्या बदलामुळे जिंजीचा किल्ला महाराष्ट्रात आला आहे. कृपया पाहावे. धन्यवाद."

मराठी विकिपीडियावरच्या माझ्या चर्चापानावर हा निरोप येऊन पडला होता. तिथे सगळेच एकमेकांना 'कृपया पाहावे' म्हणतात. त्यात विनंती किती आणि राग किती, ते हळूहळू कळायला लागतं. हे लिहिणारे सदस्य माझ्या कितीतरी आधीपासूनचे, त्यामुळे निमूटपणे जिंजीचा लेख उघडला. राज्य तमिळनाडू, जिल्हा विळुप्पुरम, सगळं जागच्या जागी. आदल्या रात्री मी त्यात तळाशी एकच ओळ घातली होती: चौकटी कंसांच्या दोन जोड्या, आत 'वर्ग', कोलन आणि 'मराठा लष्करी भूप्रदेश'. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांच्यासाठी मी हा नवा वर्ग, म्हणजे एका गटातल्या लेखांची आपोआप बनणारी यादी, काढला होता. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि बारावा जिंजी. म्हणजे ओळ बरोबरच होती.

घोळ एक मजला वर होता. नवा वर्ग काढला की त्याचं स्वतःचं पान करावं लागतं आणि त्या पानावर त्याचा पालक-वर्ग लिहावा लागतो, नाहीतर तो अनाथ लटकत राहतो. मी झोपेच्या तारेत पालक म्हणून 'महाराष्ट्रातील किल्ले' लिहून मोकळा झालो होतो. अकरा पोरं महाराष्ट्राची, बारावं त्यांच्या रांगेत उभं होतं म्हणून तेही आत आलं.

मी पेशाने ग्रंथपाल. वर्गीकरण म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मला वाटायचं. पण ग्रंथालयातलं वर्गीकरण वेगळं असतं. तिथे पुस्तकाला पाठ एक, चिठ्ठी एक आणि कपाटातली जागाही एकच. ड्यूईच्या आकड्यांत ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, तिथे ठेवलेलं पुस्तक त्याच वेळी प्रवासवर्णनांच्या कपाटात ठेवता येत नाही. विकिपीडियावर एका लेखाला हवे तितके वर्ग लावता येतात हे कळलं तेव्हा माझी अवस्था पंगतीत पहिल्यांदाच मोकळं सोडलेल्या पोरासारखी झाली. प्रतापगडाच्या तळाशी मी एका बैठकीत सातारा जिल्ह्यातील किल्ले, महाराष्ट्रातील किल्ले, भारतातील किल्ले, गिरिदुर्ग, सातारा जिल्हा, महाराष्ट्र, एवढं सगळं वाढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातले चार उचलून टाकलेले. संपादन सारांशात एवढंच: "जवळचा वर्ग पुरे. वरचे नकोत."

मला ते पटलं नाही, कारण 'महाराष्ट्रातील किल्ले' हा वर्ग उघडला तर त्यात प्रतापगड दिसेना. दिसणारही नाही. विकिपीडियाची संगणकप्रणाली लेख आपण होऊन वर चढवत नाही. पोटवर्गातला लेख पोटवर्गातच राहतो, वरच्या वर्गात फक्त पोटवर्गाचं नाव दिसतं. ते उघडून खाली उतरायचं काम वाचणाऱ्याचं. सातारा जिल्ह्यातला किल्ला महाराष्ट्रातला असतोच, पण ही गोष्ट यंत्राला ठाऊक नसते, ती आपल्या डोक्यात असते. वारसा म्हणतात तो इथे असा आहे: कागदावर काहीच उतरत नाही, आणि तरी सगळे उतरलं असं धरून चालतात.

पहिलं सलग काम मी पालघरचं केलं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. लेखांच्या पहिल्या ओळीत कुणी ना कुणी 'ठाणे' खोडून 'पालघर' करतो, कारण पहिली ओळ सगळे वाचतात. तळाशी मात्र कुणाची नजर जात नाही. त्यामुळे वर 'पालघर जिल्ह्यातील' आणि खाली 'ठाणे जिल्ह्यातील किल्ले', असे दुहेरी नागरिकत्वाचे लेख भेटतात. हॉटकॅट नावाचं एक छोटं साधन आहे. ते चालू केलं की प्रत्येक वर्गाच्या नावापुढे अधिक-उणे अशी बारीक चिन्हं येतात, आणि लेख संपादनासाठी न उघडता वर्ग बदलता येतो. ते घेऊन बसलो. वसई, अर्नाळा, केळवे, तांदुळवाडी, अशेरी, वाड्याजवळचा कोहोज, जव्हारकडचा भूपतगड. माहुली शहापूर तालुक्यातला, तो ठाण्यातच ठेवायचा. दर किल्ल्याला आधी तालुका बघायचा, मग तो तालुका नव्या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत बसतो का ते बघायचं. कंटाळवाणं वाटेल, पण मला त्यात डबा खाताना शब्दकोडं सोडवल्याचा आनंद मिळाला. पावसाळा होता, ट्रेक बंद होते, तेव्हा हेच गड चढणं.

मग नामांतरं आली. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. लेखाचं स्थानांतर सोपं असतं, नाव बदललं की जुन्या नावावरून नव्याकडे पुनर्निर्देशन होतं. वर्गाचं तसं नाही. वर्गाच्या पानाचं नाव बदललं तरी आतले लेख हलत नाहीत, कारण वर्गाचं नाव प्रत्येक लेखात वेगळं लिहिलेलं असतं. दारावरची पाटी बदलते आणि माणसं जुन्या पत्त्यावर बसून राहतात. नळदुर्ग, परांडा एकेक करून उठवून नव्या घरी नेले.

इथे माझ्यातला आळशी माणूस जागा झाला. प्रत्येक किल्ल्याच्या लेखात उजवीकडे माहितीचौकट असते, तिच्यात जिल्ह्याचं नाव लिहिलेलं असतंच. ही चौकट एका साच्यातून येते; साचा म्हणजे एकदा लिहून अनेक पानांत वापरायचा मजकूर. मग चौकटीच्या साच्यालाच सांगितलं, 'जो जिल्हा भरला असेल त्यापुढे जिल्ह्यातील किल्ले जोड आणि तो वर्ग लाव', तर? उद्या पुन्हा एखादा जिल्हा फुटला की चौकटीत एक शब्द बदलायचा, वर्ग आपोआप बदलेल. साच्यात लिहिलेला वर्ग तो साचा वापरणाऱ्या प्रत्येक पानाला लागतो. विकिपीडियावर खरा वारसा कुठे चालत असेल तर तो इथे. धुळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करून पाहिलं. चाललं! मग मूळ साच्यात घातलं, आणि शिस्तीचा माणूस म्हणून त्या साच्यालाही त्याचा स्वतःचा 'भूगोल साचे' हा वर्ग लावला.

तेवढं करून मी झोपलो. सकाळी चहा घेताना 'भूगोल साचे' उघडून बघतो तर त्यात रायगड. त्याच्या आगेमागे राजगड, राजमाची, रोहिडा. स्वराज्याची राजधानी साच्यांच्या यादीत, आणि तिच्यासोबत गडांची ओळच्या ओळ! साच्याचा स्वतःचा वर्ग 'हे इतर पानांत नेऊ नको' अशा अर्थाच्या खुणांच्या आत लिहायचा असतो. मी तो उघड्यावर ठेवला होता, तेव्हा प्रत्येक किल्ला तो घेऊन गेला. साचा लगेच दुरुस्त केला, तरी यादी हलेना. साचा बदलला की तो वापरणारी पानं मागच्या बाजूच्या रांगेत लागतात आणि सवडीने ताजी होतात. मला धीर कुठला. एकेक लेख उघडायचा, काहीही न बदलता जतन करायचा, की तो रांगेतून सुटायचा. दुपारपर्यंत मी शून्य संपादनं करत होतो. लेखाच्या बदलांच्या इतिहासात त्याची नोंदही राहत नाही, म्हणजे प्रायश्चित्त घेतल्याचा पुरावासुद्धा नाही.

पण या साच्यातून एक मजेशीर गोष्ट हाती लागली. 'सातारा' पुढे 'जिल्ह्यातील किल्ले' जोडलं की नाव व्यवस्थित बनतं, कारण प्रत्यय जिल्ह्याला लागतो, साताऱ्याला नाही. 'पुणे जिल्ह्यातील', 'ठाणे जिल्ह्यातील', काही अडत नाही. हुरूप येऊन मी हाच प्रयोग देशांवर करायला गेलो, 'अमुक देशातील नद्या' अशा वर्गांसाठी. इंग्रजीत देशाच्या नावाआधी एक शब्दयोगी लावला की काम होतं, देशाचं नाव जसंच्या तसं राहतं. मराठीत? भारत, भारतातील. गोवा, गोव्यातील. अमेरिका, अमेरिकेतील. जर्मनी, जर्मनीतील. नेपाळ, नेपाळमधील. सामान्यरूप नावाच्या पोटात शिरून शेवटचा स्वरच बदलतं. साच्याला सांगणार कसं, की 'आ' दिसला तर कधी 'या' कर आणि कधी 'ए'? शाळेत व्याकरणाच्या तासाला ज्याची चेष्टा करायचो ते सामान्यरूप असं सूड घेऊन गेलं. शेवटी मार्ग एकच: सगळ्या देशांची एक लांबलचक यादी, प्रत्येकापुढे हाताने लिहिलेलं सामान्यरूप, आणि साच्याने त्यातून उचलायचं. शिवाय 'भारतातील' की 'भारतामधील' की 'भारताच्या', हे आधी ठरवायला हवं. माणसाला तिन्ही एकच वाटतात. यंत्राला ते तीन वेगळे वर्ग.

यंत्राला याहून बारीक गोष्टीही वेगळ्या दिसतात. एकदा मला एकाच नावाचे दोन वर्ग सापडले. 'ॲनिमेशन चित्रपट' आणि 'अ‍ॅनिमेशन चित्रपट'. बघा पुन्हा. पडद्यावर मला तरी फरक दिसेना. एका वर्गात काही चित्रपट, दुसऱ्यात बाकीचे, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. पहिल्यात ॲ हे युनिकोडमधलं एकच अक्षर होतं. दुसऱ्यात अ, मग न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड, मग वरची चंद्रकोर. लिहिणाऱ्याच्या कळफलकावर जे असेल ते उमटतं. दोघांनीही शुद्धच लिहिलेलं! 'दऱ्या', 'किनाऱ्यावरील' यातल्या अर्ध्या 'र'चंही असंच: तोही दोन तऱ्हांनी टंकता येतो. तेव्हापासून मी वर्गाचं नाव हाताने लिहीत नाही, हॉटकॅट जे सुचवेल तेच निवडतो. ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं, 'कवि' की 'कवी', ती तरी डोळ्यांना दिसतात.

आता मुख्य फजिती. एका ओळखीच्या शिक्षिकेला मराठा राज्यकर्त्यांवरच्या लेखांची यादी हवी होती. म्हटलं, देतो दोन मिनिटांत. पेटस्कॅन नावाचं साधन आहे, त्याला वर्गाचं नाव आणि किती पायऱ्या खाली उतरायचं ते सांगितलं की तो सगळे पोटवर्ग पालथे घालून लेख गोळा करतो. मी 'मराठा राज्यकर्ते' दिलं आणि तीन पायऱ्या सांगितल्या. यादीत संभाजी महाराज होते, राजाराम महाराज होते, शाहू महाराज होते. आग्रा होतं. पुरंदरचा तह होता. आणि अफझलखान होता.

बाईंनी नम्रपणे विचारलं, "सर, अफझलखान कधी गादीवर बसला?"

कारण शोधायला वेळ लागला नाही, तो मीच होतो. 'शिवाजी महाराज' नावाचा वर्ग मी 'मराठा राज्यकर्ते' या वर्गाच्या पोटात ठेवला होता. दिसायला किती सरळ! शिवाजी महाराज मराठा राज्यकर्ते होते. पण 'शिवाजी महाराज' या वर्गात माणसं नसतात, विषय असतो. महाराजांशी ज्याचा ज्याचा संबंध आला ते सगळं त्यात: गड, तह, मोहिमा, शत्रू, चित्रपट. आणि 'मराठा राज्यकर्ते' या वर्गात मात्र फक्त राज्यकर्ते असायला हवेत. पहिला विषयाचा वर्ग, दुसरा जातीचा, म्हणजे प्रकाराचा. विषयाचा वर्ग जातीच्या वर्गाखाली टाकला की विषयातला प्रत्येक जण त्या जातीचा होतो. बरोबर ते असं: शिवाजी महाराजांवरचा लेख 'मराठा राज्यकर्ते'मध्ये, आणि त्यांच्या नावाचा वर्ग 'मराठा साम्राज्य' या दुसऱ्या विषय-वर्गाखाली.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हे मला इतके महिने का दिसलं नव्हतं. दोष आपल्या लाडक्या षष्ठीचा आहे. चा-ची-चे. 'महाराष्ट्राचे किल्ले' म्हटलं की महाराष्ट्रात असलेले, महाराष्ट्रातल्या लोकांनी बांधलेले, महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेले, सगळे एका 'चे'त मावतात. 'मराठ्यांचा किल्ला' म्हणजे मराठ्यांनी बांधलेला, जिंकलेला की लढवलेला? सिंधुदुर्ग महाराजांनी बांधून घेतला. वसईचा किल्ला पोर्तुगिजांचा, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला. दोन्ही 'मराठ्यांचे'. बोलताना हे फार सोयीचं. वर्ग करताना षष्ठी वापरली की समजायचं, आपण विचार करायचं टाळलंय. हल्ली मी वर्गाचं नाव ठरवताना मनात एक वाक्य म्हणून पाहतो: 'यातला प्रत्येक लेख म्हणजे एक अमुक आहे.' वाक्य खरं ठरलं तर जातीचा वर्ग. नाही तर विषयाचा. 'रायगड' या नावावर तर हे वाक्य अनिवार्य आहे, कारण किल्ला रायगड आणि १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाणारा जिल्हाही रायगड. एकाच वर्गात जगदीश्वराचं मंदिर आणि पनवेल तालुका शेजारी बसलेले मी पाहिलेत.

२०१२ मध्ये विकिडेटा हा विकिपीडियाचा भावंड-प्रकल्प, म्हणजे माहितीचा साठा, सुरू झाला. तिथल्या लोकांनी ही नाती वेगळी ठेवली. 'हा अमुकाचा एक नमुना आहे', 'हा अमुकाचा उपप्रकार आहे', 'हा अमुकाचा भाग आहे', अशी तीन वेगवेगळी विधानं. प्रतापगड हा किल्ल्याचा नमुना, गिरिदुर्ग हा किल्ल्याचा उपप्रकार, बालेकिल्ला हा किल्ल्याचा भाग. वर्गांमध्ये या तिघांनाही एकच बाण आहे, वर जाणारा. त्यावर पाटी लावायची सोय नाही.

आणि 'जवळचा वर्ग पुरे, वरचे नकोत' हा नियम? तो मी पुढे अगदी कडक पाळायला लागलो, इतका की 'मराठी लेखिका' असलेल्या बायकांच्या लेखांतून 'मराठी लेखक' काढत सुटलो. नियमाने बरोबर. परिणाम असा की 'मराठी लेखक' उघडावं तर सगळे पुरुष. एप्रिल २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नेमकं हेच घडलं होतं. अमेरिकी कादंबरीकारांच्या वर्गातून बायका उचलून 'अमेरिकी स्त्री कादंबरीकार'मध्ये हलवल्या जात होत्या, आणि एका कादंबरीकार बाईंनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लिहिल्यावर मोठा गदारोळ झाला. सातारा जिल्ह्यातला किल्ला एक पायरी खाली ठेवला तर तो फक्त जवळ जातो. लेखिका खाली ठेवली तर ती बाहेर जाते. मी काढलेले वर्ग परत लावले, दोन्ही ठेवले. यादी लांबली तर लांबू दे.

तर जिंजी. 'मराठा लष्करी भूप्रदेश' या वर्गाच्या पानावरून 'महाराष्ट्रातील किल्ले' काढलं. त्याऐवजी 'भारतातील जागतिक वारसा स्थाने' आणि 'मराठा साम्राज्य' असे दोन पालक दिले. अकरा किल्ले आपापल्या जिल्ह्यांतून महाराष्ट्रात पोचतातच, त्यांना वेगळी शिफारस नको. जिंजी तमिळनाडूमधल्या किल्ल्यांत. चर्चापानावर उत्तर लिहिलं, "नमस्कार, चूक दुरुस्त केली आहे."

त्यावर त्यांचा प्रश्न आला. 'मराठा साम्राज्य' हा वर्ग 'महाराष्ट्राचा इतिहास'च्या पोटात, तो 'महाराष्ट्र'च्या पोटात. म्हणजे तीन पायऱ्या चढल्यावर जिंजी पुन्हा महाराष्ट्राखालीच की! मी लिहिलं, असू दे. महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला गड, पुढे राजाराम महाराज तिथून मराठ्यांचं राज्य चालवत होते, १६९८ मध्ये पडेपर्यंत मुघलांनी वर्षानुवर्षं वेढा दिलेला. महाराष्ट्र या विषयाखाली जिंजी येणारच. महाराष्ट्रातला किल्ला म्हणून येऊ नये, एवढंच. त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं: "योग्य." विकिपीडियावर याहून मोठी शाबासकी मला अजून मिळालेली नाही.

हे लिहीत असतानाच खांदेरीच्या लेखात एक बदल दिसला. कुणा नव्या सदस्याने 'रायगड जिल्ह्यातील किल्ले'च्या शेजारी 'मुंबईतील किल्ले' लावलाय. संपादन सारांशात लिहिलंय: "बेट मुंबई बंदराचं आहे."

'चं'. बसतो आता, त्यांना निरोप लिहितो. नमस्कार, कृपया पाहावे.